माऊसवाला मुका

पगार घेऊन मुलांना गेम खेळायला लावणारी बाई, अशी पोलादपूर तालुक्यात माझी बरीच वर्षं ओळख होती. ओळख करून देणारा कधी हसत सांगायचा, कधी तोंड वाकडं करून. मी दोन्ही वेळा मान डोलवायचे, कारण गोष्ट खरीच होती. आता जिल्हा परिषदेच्या नोकरीतून निवृत्त झाले. बढत्या, बदल्या आणि प्रशिक्षणं यांची जंत्री ऐन दिवाळीत वाचायला कुणाला सवड असते? त्यापेक्षा एका शाळेतला एक कॉम्प्युटर, एक मुलगी आणि तिचे आजोबा यांची हकीकत सांगते. नोकरी संपल्यावर माझ्याबरोबर घरी आलं ते एवढंच.

माझं घर महाडला, चवदार तळ्याच्या जवळ. शाळा आंबेनळी घाटातल्या एका वाडीत. महाडहून पोलादपूरपर्यंत एसटी, तिथून मिळेल ती जीप, घाटातल्या एका वळणावर उतरायचं आणि पुढे चढण. पावसाळ्यात छत्री उघडायची ती केवळ रीत म्हणून. भिजायचं ते भिजणारच. वाडीत घरं पुष्कळ, माणसं कमी. कमावते हात सगळे मुंबईला. मागे राहिलेली म्हातारी माणसं, थोड्या बाया आणि आमची पोरं. पहिली ते चौथी एकाच खोलीत, आणि चारही वर्गांना मिळून बाई एकच.

वाडीचा कारभार मात्र मुंबईहून चालायचा. आमच्याकडच्या बहुतेक वाड्यांचं मुंबईत एक मंडळ असतं. देवळाला रंग कुठला, पाण्याची टाकी कुठे, पालखीला गोंडे कसले, हे सगळं तिकडच्या एखाद्या खोलीत दाटीवाटीने बसून ठरतं आणि गणपतीला नाहीतर शिमग्याला गावात येऊन जाहीर होतं. अशाच एका गणपतीला मंडळाने शाळेला कॉम्प्युटर दिला. टेम्पो वळणापर्यंत आला, तिथून खोकी डोक्यावर. देवळासमोर सहाण आहे, म्हणजे पालखी टेकवायचा ओटा. त्यावर कॉम्प्युटर ठेवला, नारळ फोडला, झेंडूचा हार घातला आणि पडद्याच्या कोपऱ्यात हळदकुंकवाचं बोट लावलं. तो डाग शेवटपर्यंत निघाला नाही.

मग सोबत आणलेल्या लोखंडी कपाटात त्याला बसवून कुलूप लावलं आणि किल्ली दिली तात्यांकडे. बाईंचं काय, आज हाय नि उद्या बदली, असं मंडळाचं म्हणणं. पोरांचे हात लागून वस्तू खराब होईल म्हणून पुढचं वर्षभर ते कपाट बंद राहिलं. मध्ये एकदा दसऱ्याला उघडलं, ते हार बदलायला.

तात्या म्हणजे वाडीचे गावकर. देवळातला पहिला मान त्यांचा आणि भांडणातला शेवटचा शब्दही त्यांचाच. बायको वारलेली. मुलगा सुरेश भांडुपला, मंडळाचा सेक्रेटरी. घरात दोनच माणसं, तात्या आणि सुरेशची मुलगी दर्शना. मुंबईची खोली लहान आणि धाकटा भाऊ तान्हा, म्हणून दर्शनाला वर्षभरासाठी आजोबांजवळ ठेवलं होतं. त्या वर्षभराची पुढे बरीच वर्षं झाली.

तात्यांकडून किल्ली मिळवायला मी युक्ती केली. पावसाळ्यात बंद ठेवलेलं यंत्र पापडासारखं सादळतं, रोज चालू करून कोरडं करावं लागतं, असं सांगितलं. त्यात थोडं खरं होतं. तात्या विचार करून म्हणाले, "उघडतो. पन मी हितंच बसनार. बिघाड झाला तर मुंबईला तोंड मला दाखवायचं हाय." तेव्हापासून शाळा भरताना तात्या किल्ली घेऊन यायचे, कपाट उघडायचे आणि दाराशी भिंतीला टेकून बसायचे. सुटताना कुलूप लावून जायचे. सरकारच्या कुठल्याही कागदावर नसलेला असा एक विद्यार्थी माझ्या वर्गात वाढला.

पुण्याच्या माझ्या भाच्याने त्यात एक गेम घालून दिला होता. टेकडीवरचं एक शेत. कोंबड्या, शेळ्या, ओढा, त्यावर लाकडी पूल, विहीर, कुंपण आणि गेट. पडद्यावर इंग्रजीतून कामं येत. शेळीला पुलापलीकडे न्या, बादली विहिरीमागे ठेवा. दिवस कलला की घंटा वाजायची. तेव्हा कोंबड्या आत घेऊन गेट लावायचं. गेट उघडं राहिलं तर अंधारात कोल्हा यायचा. तात्यांनी पहिल्या दिवशी ते शेत बराच वेळ निरखलं आणि विचारलं, "ह्या गावात पाऊस नाय पडत? वढ्याला पूर नाय, पूल व्हावून जात नाय. कोंबड्या मातर बऱ्या हायत." गेम तयार करणाऱ्याला हा अभिप्राय कळवायला हवा होता.

बाहेरच्यांना वाटतं, पोरांपुढे गेम ठेवला की पोरं आपोआप इंग्रजी शिकतात आणि बाई पेपर वाचत बसते. तसं नसतं हो. नुसता गेम दिला तर मुलं एक अक्षर न वाचता जिंकतात. रंग बघून, आवाज ऐकून, धडपडत. आमच्या पोरांनी थोड्याच दिवसांत ते सगळं शेत खिशात घातलं, आणि इंग्रजी होती तिथेच. मग मी नियम केला. माऊस एकाच्या हातात, आणि त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी त्याला इंग्रजीतून सांगायचं. सांगितलं तेवढंच तो करणार, चुकीचं सांगितलं तर चुकीचंच करणार, आणि काही सांगितलं नाही तर ढिम्म बसणार. पोरांनी त्याचं नाव पाडलं माऊसवाला मुका.

त्या एका नियमाने वर्गाचा रंग पालटला. पुस्तकातलं इंग्रजी आमची मुलं देवळातल्या आरतीसारखी सुरात म्हणायची आणि विसरायची. ‘ओपन द विंडो’ असं कितीही ओरडलं तरी खिडकी उघडत नव्हती. तिचं एक दार आधीच्या गुरुजींच्या काळातच निखळलेलं. इथे मात्र शब्द टाकला की काहीतरी घडायचं. ‘ओव्हर द ब्रिज’ऐवजी ‘अंडर द ब्रिज’ म्हटलं की शेळी गेली पाण्यात. लाल शाईची गरज नव्हती. शेळी बुडताना बघून सगळा वर्ग कळवळायचा आणि बरोबर शब्द शोधायचा. लहान मुलांना भाषा समजावून सांगण्याची फार घाई करू नये, असं माझं मत तेव्हापासून झालं. आधी तिचा उपयोग होऊ द्यावा.

शिवाय निम्मं काम कॉम्प्युटर बंद करूनच होतं, हे गेमच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांना ठाऊक नसतं. घाटात वारा सुटला की वीज जायची. मग आम्ही मैदानावर फक्कीने ओढा, पूल आणि कुंपण आखायचो आणि कुणीतरी कोंबडी व्हायचं. पाऊस असला तर वर्गातच. अशा एका दिवशी कोंबडी मी होते आणि पोरांनी मला ‘गो अंडर द टेबल’ म्हणून टेबलाखाली घातलं होतं. नेमके तेव्हाच केंद्रप्रमुख दारात उभे. केंद्रप्रमुख म्हणजे परिसरातल्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब. रेनकोट निथळवत ते विचारू लागले, बाई कुठे आहेत? पोरं गप्प, कारण ते इंग्रजीत कसं सांगायचं कुणाला माहीत नव्हतं. मी गप्प, कारण नियमाप्रमाणे मी मुकी. शेवटी दाराजवळच्या तात्यांनी साहेबांना हळूच सांगितलं की तुमीच हुकूम द्या, इंग्रजीत. साहेबांनी घसा खाकरला आणि अगदी कार्यालयीन आवाजात म्हणाले, "मॅडम, कम आऊट." पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेरेबुकात त्यांनी ‘अध्यापन कृतियुक्त’ असं लिहिलं आणि चहा न घेता गेले. पुढच्या भेटीला मात्र स्वतः कोंबडी होऊन गेले, पण ते शेरेबुकात नाही.

दर्शना बोलायची नाही. ऐकायला येत होतं, कळत होतं, पाटीवर सगळं बरोबर. पण विचारलं की मान हलवायची, फार झालं तर ओठ. आईला फोनवरसुद्धा ‘हां’ आणि ‘नाय’ यापलीकडे काही नाही. तिला माऊस फार आवडायचा, आणि का ते मला लगेच कळलं. माऊसवाल्याला बोलावं लागत नाही. रोज पहिली धावत येऊन ती माऊस धरायची. इतर पोरं कुरकुरली तरी मी बरेच दिवस तिला धरू दिला. निदान ती मधोमध तरी बसत होती.

मग एक दिवस तिच्या चुलतभावाने माऊस आधी पटकावला. ती मागच्या रांगेत, तात्यांच्या जवळ जाऊन बसली. खेळ रंगला, पोरांची आपसात जुंपली, कुणी शेळी म्हणे कुणी बादली, आणि एवढ्यात घंटा वाजली. कोंबड्या आत गेल्या होत्या पण गेट उघडं. अंधार उतरत चालला, भांडणात कुणाचं लक्षच नाही. आणि मागून बारीक पण स्वच्छ आवाज आला, "क्लोज द गेट." माऊसवाल्याने गेट लावलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. तात्या भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. मीही फळा पुसायला घेतला. तो कोराच होता.

त्यानंतर दर्शनाला थोपवणं कठीण झालं. ती सगळ्या शेताची मुकादम झाली. घरीसुद्धा तात्यांना इंग्रजीत हुकूम सुटू लागले. तात्या तक्रार करायचे की पोर मला पाण्याला धाडते नि बादली कुठं ठेवायची तेही सांगते, पण सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की ती तक्रार वाटायची नाही.

ती तिसरीत गेली त्या गणपतीला सुरेश शाळेत आला. भला माणूस. चहा घेतला, माझी, माझ्या आईची विचारपूस केली आणि मग मुद्द्यावर आला. "बाई, जूनपासून दर्शूला तिकडं नेतो. इंग्लिश मीडियम. चुलतभावाची दोन्ही पोरंपन नेणार. इथं काय फ्युचर हाय, तुमीच बोला." मी म्हटलं, पोर इथेच इंग्रजी बोलायला लागली आहे. तो हसला. त्याला वाटलं, बाई शाळेचा पट सांभाळतात. आता पट तर मी सांभाळतच होते, खोटं कशाला बोलू? ही तीन मुलं गेली तर उरलेल्यांवर शाळा टिकणं अवघड होतं; तिला रस्त्यावरच्या मोठ्या शाळेत मिसळून टाकलं असतं आणि पहिलीतल्या चिमुकल्यांना रोज ती चढण उतरावी लागली असती. पण माझ्या डोळ्यांपुढे त्याहून जास्त दिसत होता दर्शनाशिवायचा तात्यांचा ओटा.

तात्या मुलाला एक शब्द बोलले नाहीत. गावाची भांडणं मिटवणारा माणूस स्वतःच्या घरात गप्प. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्यानं त्याची पोर न्यायची नाय असं कुठल्या तोंडानं सांगू? बाई, तुमीच कायतरी करा. शिमग्याला सगळी येतील, तवा." शिमग्यापर्यंत मुदत होती आणि मी ठरवलं की सुरेशला सांगत बसायचं नाही, दाखवायचं.

शिमग्यात पालखी घरोघर नाचून झाली की दुसऱ्या दिवशी दुपारी सहाणेपाशी गावकी बसते. मुंबईकर एका बाजूला, गावकरी दुसऱ्या. पाण्याच्या टाकीचा विषय संपला आणि कुणीतरी कॉम्प्युटर काढला. आम्ही दिलेल्या यंत्रावर पोरं गेम खेळतात, हे मंडळाच्या कानावर गेलं होतं. मी उठून म्हटलं, यंत्र इथेच आणते, तुम्ही स्वतः बघा. देवळातून वायर ओढली. तात्यांनी किल्ली काढली. जिथे एकेकाळी त्याला हार घातला होता तिथेच कॉम्प्युटर पुन्हा बसला, आणि मी सुरेशला म्हटलं, माऊस तुम्ही धरा.

नियम समजावला. तुम्ही मुके, दर्शना सांगेल ते करायचं. लोक हसले. सुरेश खुर्चीत बसला, बाही वर केली आणि लगेच आपल्या मनाने एक कोंबडी हाकलली. दर्शना बापाच्या खांद्याशी उभी होती. सगळ्या गावकीसमोर ती म्हणाली, "नो, पप्पा. वेट." हसणं थांबलं. मग ती सांगत गेली आणि तो करत गेला. शेळीला पुलापाशी आण, थांब, पुलावरून ने, विहिरीमागे जा, विहिरीमागे, डावीकडे नाही. तो दोनदा चुकला, तिने दोनदा सावकाश समजावलं, इंग्रजीतूनच. सुरेशची मान हळूहळू खाली गेली. मला वाटतं, आपल्या मुलीचा आवाज इतका वेळ सलग त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. घंटा झाली, तिने गेट लावायला सांगितलं, त्याने लावलं. टाळ्या पडल्या. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही जिंकलो होतो.

सुरेश उठला आणि माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरले. डोळे पुसून तो म्हणाला, "बाई, मला लय भीती होती. तिकडच्या पोरांत ही गप्प बसंल, मागं पडंल, म्हणून इतकी वर्षं नेत नव्हतो. आता भीती नाय. आता तर नेलीच पायजे." त्याच्या मागे आणखी दोघे बाप उठले. बाई, आमच्या पोरांनाही एवढं येत असंल तर आमीपन नेतो.

तात्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं, काढायचं विसरल्यासारखं. मला सुरेशचा राग येईना, हेच अवघड होतं. मी तळ्याच्या शेजारी वाढलेली. दर मार्चला आमच्या गच्चीवर लांबलांबचे पाहुणे पथारी टाकतात, आणि कुणाची मुलगी कुठवर शिकली हाच त्यांचा जेवतानाचा विषय असतो. पुढे जायला निघालेल्या मुलीला ‘थांब’ म्हणायला माझी जीभ वळणार नव्हती. तिला रस्ता चालता यावा म्हणूनच तर शिकवलं होतं. मी म्हटलं, न्या. आणि कॉम्प्युटरची वायर गुंडाळायला लागले.

जूनमध्ये दर्शना गेली. इतरही गेले. वर्षभर मी उरलेल्या पोरांना घेऊन शेत चालवलं, पण माऊसवाल्याला सांगायला चार तोंडं तरी लागतात. पुढल्या वर्षी शाळा रस्त्यावरच्या शाळेत मिसळली, आणि तिच्याबरोबर मीही. मुलांना इंग्रजी शिकवून आपली शाळा रिकामी करणारी शिक्षिका मी एकटीच नसेन, पण मला ते अजून टोचतं. दर्शनाचं तिकडे उत्तम चाललंय, वक्तृत्वात बक्षीस मिळालं, हे कळलं की अभिमान वाटतो, आणि त्या अभिमानातही ते टोचतं. कपाट कुठे न्यायचं हा प्रश्न मंडळापुढे आला तेव्हा त्यांनी ठरवलं की किल्ली तात्यांकडे आहे, तर कपाटही तिथेच असू दे.

निवृत्त झाल्यावर मी एका रविवारी वाडीत गेले. तात्या पडवीत कपाट उघडून बसले होते. पडद्यावर तेच शेत, कोपऱ्यात तेच कुंकवाचं बोट, आणि शेजारी पाट्यावर टेकवलेला फोन, कारण घरात तेवढ्याच कोपऱ्यात रेंज मिळते. फोनमधून दर्शनाचा आवाज येत होता. दर रविवारी ती तिकडून सांगते आणि हे इकडून खेळतात, असं तात्यांनी मला खुणेनेच समजावलं, कारण नियमाप्रमाणे ते मुके. मी आल्याचं सांगू नका अशी मीही खूण केली आणि बसले. तिची इंग्रजी आता सरसर धावत होती, पण आजोबांसाठी ती पुन्हा तिसरीतल्यासारखी सावकाश होत होती. टेक द गोट, तात्या. ओव्हर द ब्रिज. तात्यांचा हात शेळीला बिनचूक पुलावरून नेत होता.

घंटा वाजली. कोंबड्या आत गेल्या. "क्लोज द गेट, तात्या," दर्शना म्हणाली. तिला क्लासला जायचं होतं.

तात्यांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"केलंस?"

"केलं गो," तात्या म्हणाले आणि फोन बंद झाला.

गेट सताड उघडं होतं. मी म्हटलं, तात्या, नियम मोडलात, आणि खोटंही बोललात. ते पडद्याकडेच बघत होते. "दर रविवारी मोडतो. कोल्हा नेतो येक-दोन कोंबड्या. नेऊ दे. पोर यायची हाय अजून."

पडद्यावर अंधार पडत गेला. कोंबड्या एकेक करून बाहेर निघाल्या, आणि आम्ही दोघं मुकी बसून त्या गेटकडे बघत राहिलो.